व्हर्चुअल मशीनमधला एनव्हीडीए बोलतच नाहीये, लॅपटॉपवरचा मात्र नीट बोलतोय

टेस्टिंगवाली
नमस्कार मंडळी. मी पूर्ण अंध आहे आणि वेबसाइट टेस्टिंगचं काम करते. ऑफिसने सांगितलंय की टेस्टिंग वेगळ्या स्वच्छ विंडोजवर करायचं, रोजच्या लॅपटॉपवर नाही, म्हणून टीममधल्या एका मुलाने व्हर्चुअलबॉक्स ७, म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम, टाकून त्यात विंडोज ११ बसवून दिलं, आत एनव्हीडीए हा स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर पण टाकला असं म्हणाला आणि गेला रजेवर. आता मशीन सुरू होतं, पण आतून एक शब्द येत नाही. इन्सर्ट टी दाबलं की माझ्या लॅपटॉपचाच एनव्हीडीए खिडकीचं नाव वाचतो, मशीनचं नाव आणि पुढे रनिंग, बास. आत काय चाललंय काही कळत नाही. कंट्रोल ऑल्ट एन दाबून आतला एनव्हीडीए चालू करायचा प्रयत्न केला, तरी शांतता. आता आतला एनव्हीडीए काढून परत टाकावा का? की गेस्टमध्ये, म्हणजे आतल्या विंडोजमध्ये, दुसरा स्क्रीन रीडर टाकून बघू? घरात डोळस माणूस संध्याकाळीच असतो आणि त्याला हे सगळं समजावण्यात माझा जीव जातो, त्यामुळे एकटीला करता येईल असं काहीतरी सांगा.

साऊंडकार्डवाला
ताई, एनव्हीडीएला हात लावू नका अजून. आवाज येत नाही म्हणजे एनव्हीडीए बिघडला असं नसतं, आवाजाला आतून तुमच्या कानापर्यंत यायला बरेच टप्पे आहेत, एनव्हीडीए, मग त्याचा सिंथ म्हणजे मजकुराचा आवाज बनवणारा भाग, मग गेस्ट विंडोजचं साऊंड, मग व्हर्चुअलबॉक्सने दाखवलेलं खोटं साऊंड कार्ड, आणि मग तुमच्या लॅपटॉपचा खरा स्पीकर. कुठे अडलंय ते आधी बघायचं.

सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे नॅरेटर, विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर. कीबोर्ड मशीनच्या आत असताना विंडोज कंट्रोल एंटर दाबा. नॅरेटर बोलला तर साऊंड ठीक आणि दोष एनव्हीडीएच्या बाजूला. नॅरेटरही गप्प असेल तर एनव्हीडीए बिचारा निर्दोष. दुसरी खूण म्हणजे एनव्हीडीए सुरू होताना चढत्या सुरांचा छोटा आवाज येतो ना, तो येतोय का ऐका. सूर आले आणि बोलणं नाही आलं तर बहुतेक सिंथ लोड झाला नाही किंवा कोणीतरी इन्सर्ट एस दाबून स्पीच मोड बंद केलाय, ते परत इन्सर्ट एस दाबत गेलं की टॉकवर येतं. सूरही नाहीत तर प्रश्न साऊंडचा.

आता डोळस माणसाशिवाय आत काय दिसतंय ते कसं कळणार, तर लॅपटॉपवरच्या एनव्हीडीएचं ओसीआर वापरा. आधी उजवा कंट्रोल दाबून कीबोर्ड बाहेर काढा, व्हर्चुअलबॉक्सची होस्ट की तीच असते, मग मशीनच्या खिडकीवर असतानाच एनव्हीडीए आर दाबा. खिडकीतलं सगळं चित्र वाचून मजकूर देतो, बाणांनी फिरायचं, एस्केपने बाहेर. स्क्रीन कर्टन, म्हणजे स्क्रीन काळी ठेवणारं सेटिंग, चालू असेल तर आधी बंद करा, नाहीतर ओसीआर होणारच नाही.

मग आत जाऊन विंडोज आर, त्यात एमएमएसवायएस डॉट सीपीएल टाइप करून एंटर. जुनी साऊंडची खिडकी उघडते. बाहेर येऊन ओसीआर करा. नो ऑडिओ डिव्हायसेस आर इन्स्टॉल्ड असं लिहिलेलं मिळालं तर आत कार्डच नाही किंवा त्याचा ड्रायव्हर नाही. स्पीकर्स असं काही दिसलं तर गोष्ट वेगळी. काय मिळतं ते इथे लिहा.

पर्यायप्रेमी
एवढा खटाटोप कशाला, विंडोज प्रोमध्ये हायपर व्ही हे मायक्रोसॉफ्टचं व्हर्चुअल मशीनचं सॉफ्टवेअर फुकट येतं, ते चालू करा आणि व्हर्चुअलबॉक्स उडवा.

व्हीएमकाका
वरच्या पर्यायप्रेमींना साष्टांग, पण स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला हायपर व्ही सुचवताना एवढं तरी सांगा की त्यात आभासी साऊंड कार्ड हा प्रकारच नाही. साध्या कनेक्शनमध्ये गेस्टला आवाज नसतोच. आवाज हवा तर एनहान्स्ड सेशन लागतं, ते आतून रिमोट डेस्कटॉपच असतं आणि त्यातून आवाज वळवून आणतात. म्हणजे गेस्ट विंडोज प्रो किंवा वरचं हवं, होम चालत नाही, आणि इन्स्टॉलेशन चालू असताना तर आवाज मिळणारच नाही कारण तेव्हा ते सेशन उभंच राहत नाही. डोळस माणसाला काही फरक पडत नाही, आपल्याला पडतो. ज्यांच्याकडे आधीपासून हायपर व्ही आहे त्यांनी जोडताना शो ऑप्शन्समध्ये लोकल रिसोर्सेसच्या टॅबवर रिमोट ऑडिओ, प्ले ऑन धिस कॉम्प्युटर आहे का ते तपासा. आणि गेस्ट विंडोज सर्व्हर असेल तर विंडोज ऑडिओ ही सर्व्हिस तिथे आपोआप सुरू होत नाही, सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती ऑटोमॅटिक करावी लागते, नाहीतर लोक तासन् तास कार्ड शोधत बसतात.

ताई, तुम्ही आहात तिथेच राहा, व्हर्चुअलबॉक्स या कामाला वाईट नाही.

टेस्टिंगवाली
खूप धन्यवाद दादा आणि काका. केलं सगळं. नॅरेटर गप्प, एनव्हीडीएचे सूरही नाहीत. पण ओसीआर भारी चाललं, मला वाटलंच नव्हतं की व्हीएमची, म्हणजे व्हर्चुअल मशीनची, खिडकी अशी वाचता येते, आत डेस्कटॉपवर कुठली आयकॉन आहेत ते सुद्धा कळलं. साऊंडच्या खिडकीत स्पीकर्स, खाली हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस असं मिळालं. म्हणजे कार्ड आहे आणि ड्रायव्हर पण आहे ना? मग आवाज जातो कुठे?

साऊंडकार्डवाला
हां, मग बरंच सोपं झालं. आतल्या विंडोजला वाटतंय सगळं ठीक आहे, ते आवाज सोडतंय, पण व्हर्चुअलबॉक्स तो बाहेर देत नाहीये. याची दोन कारणं मी बघितलीत. एक, ऑडिओ आउटपुट नावाचा वेगळा टिकबॉक्स असतो सेटिंगमध्ये, कार्ड चालू असलं तरी हा बंद राहू शकतो, कमांडने मशीन बनवलं असेल तर हा मुळातच ऑफ असतो. तुमच्या त्या मुलाने स्क्रिप्टने बनवलं असणार, टेस्टिंगवाले तसंच करतात.

दुसरं कारण जास्त चिडचिड करायला लावणारं आहे. मशीन सुरू होताना व्हर्चुअलबॉक्सला लॅपटॉपचं ऑडिओ उघडता आलं नाही, समजा ब्लूटूथ हेडफोन तेव्हा जोडलेला नव्हता आणि दुसरं काही डिव्हाइस सापडलं नाही, तर तो नल ऑडिओ बॅकएंड निवडतो, म्हणजे आवाज घेतो आणि फेकून देतो. तसा संदेश तो दाखवतो पण खिडकीत कुठेतरी, आणि आपल्याला तो ऐकूच येत नाही.

आधी टिकबॉक्सचं बघा. मशीन चालू असतानाच करता येतं. कमांड प्रॉम्प्ट उघडा, प्रोग्राम फाइल्समधल्या व्हर्चुअलबॉक्सच्या फोल्डरमध्ये जा, मग व्हीबॉक्समॅनेज, स्पेस, कंट्रोलव्हीएम, स्पेस, दुहेरी अवतरणात मशीनचं नाव, स्पेस, ऑडिओआउट, स्पेस, ऑन. ऑडिओआउट हा जोडून एक शब्द, मध्ये डॅश नाही. एंटर. हे आत्तापुरतं. कायमचं करायचं तर मशीन पूर्ण शटडाउन करून, सेव्ह स्टेट नव्हे, व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायव्हीएम, मशीनचं नाव, आणि मग दोन डॅश ऑडिओ डॅश आउट, स्पेस, ऑन. त्यासोबत दोन डॅश ऑडिओ डॅश कंट्रोलर, स्पेस, एचडीए म्हणजे हाय डेफिनिशन ऑडिओ हेही देऊन टाका, तुमच्याकडे आहेच पण दिलेलं बरं. आवृत्ती ६ वाल्यांनी लक्षात ठेवा, तिथे ऑडिओआउट आणि ऑडिओकंट्रोलर मध्ये डॅश न घालता लिहायचं. आणि कोणी जुना एसी ९७ कंट्रोलर निवडून बसला असेल तर ६४ बिट विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर आपोआप येत नाही, तिथे एचडीएच हवा.

मी कमांडच सांगतोय कारण सेटिंगच्या त्या डायलॉगमध्ये एनव्हीडीएने कुठला टिकबॉक्स कशाचा ते नेहमी नीट कळत नाही, कमांड एकदा पाठ झाली की डोकेदुखी नाही.

एवढ्यानेही आवाज नाही आला तर मशीनच्या फोल्डरमध्ये लॉग्स नावाचा फोल्डर असतो, त्यातली व्हीबॉक्स डॉट लॉग नोटपॅडमध्ये उघडून नल शब्द शोधा. सापडला की हेडफोन जोडून मशीन बंद करून परत चालू करायचं, नुसतं रीस्टार्ट नाही, खिडकी पूर्ण बंद.

टेस्टिंगवाली
आला!!! कंट्रोलव्हीएमची कमांड दिली आणि त्याच क्षणी नॅरेटर आणि एनव्हीडीए दोघं एकदम बोलायला लागले, तोवर मी दोघांना चालू करून ठेवलं होतं ना, असा गोंधळ की मी खुर्चीतून उडाले. नॅरेटर बंद केला. मॉडिफायव्हीएम पण केलंय.

पण आता नवीन. आवाज तुटक तुटक येतोय, बाण दाबला की थोड्या वेळाने बोलतो, मध्येच घरघर, आणि शब्दाचं पहिलं अक्षर खाल्लं जातं. स्टार्ट ऐवजी टार्ट, असं. आणि मध्येच आतल्या एनव्हीडीएचा आवाज एकदम बारीक होतो आणि परत मोठा होतो. अशाने दिवसभर टेस्टिंग करणं शक्य नाही. लॅपटॉप जुना नाही, १६ जीबी रॅम आहे.

व्हीएमकाका
अभिनंदन, अर्धी लढाई जिंकली. हे तीन वेगवेगळे त्रास आहेत, एकाच औषधाने जाणार नाहीत.

बारीक मोठा होण्याचं आधी, कारण ते एका मिनिटाचं काम आहे. तुमच्या लॅपटॉपवरच्या एनव्हीडीएत ऑडिओ डकिंग चालू असणार. तो बोलायला लागला की बाकीच्या सगळ्या आवाजांना दाबतो, आणि त्याच्या दृष्टीने व्हीएम म्हणजे गाण्याचा प्लेअर असावा तसंच एक प्रोग्राम. एनव्हीडीए शिफ्ट डी दाबत नो डकिंगवर आणा, बाहेरच्या एनव्हीडीएत हं, आतल्या नाही.

पहिलं अक्षर खाण्याचं कारण म्हणजे साऊंड डिव्हाइस मध्ये मध्ये झोपतं आणि जागं होईपर्यंत अक्षर निघून जातं. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये ऑडिओच्या पानावर बोलणं संपल्यावर डिव्हाइस किती वेळ जागं ठेवायचं असा एक आकडा असतो, तो आतल्या एनव्हीडीएत वाढवा. ब्लूटूथ हेडफोन असेल तर बाहेरच्यातही वाढवून बघा, आणि जमलं तर वायरवाला हेडफोन लावा, ब्लूटूथ स्वतःच उशीर करतं आणि त्यावर व्हीएमचा उशीर, दोन्ही मिळून बोलण्यात आणि बोटांत अंतर पडतं.

आता तुटक आवाज. इथे मला एक शंका आहे. डोळस लोकांना व्हर्चुअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत एक हिरवं कासव दिसतं. ते कासव असेल तर विंडोजचा स्वतःचा हायपरवायझर, म्हणजे व्हर्चुअल मशीन चालवणारा थर, मध्ये बसलाय आणि व्हर्चुअलबॉक्सला त्याच्यावरून चालावं लागतंय, मशीन रेंगाळतं. आपल्याला कासव कोण सांगणार, पण लॉगमध्ये याचीच नोंद असते, व्हीबॉक्स डॉट लॉगमध्ये स्नेल हा शब्द शोधा, इंग्रजी गोगलगाय. सापडला की समजायचं. चित्रात कासव आणि लॉगमध्ये गोगलगाय, प्राणिसंग्रहालयच आहे.

बंद करायचं तर विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन, तिथला मेमरी इंटिग्रिटीचा स्विच ऑफ, आणि विंडोज फीचर्समधून हायपर व्ही, व्हर्चुअल मशीन प्लॅटफॉर्म वगैरे काढून रीस्टार्ट. पण थांबा, लॅपटॉप ऑफिसचा असेल तर मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची गोष्ट आहे, आयटीला न विचारता बंद करू नका, काही ऑफिसात ती पॉलिसीनेच लॉक असते. आणि डब्ल्यूएसएल २, म्हणजे विंडोजच्या आतलं लिनक्स, वापरत असाल तर ते बंद पडेल.

आयटीने नाही म्हटलं तर निदान मशीनला एक सीपीयू दिला असेल तर दोन करा, तीन जमले तर तीन. गेस्टमध्ये अ‍ॅनिमेशन बंद करा, स्टार्टअपमधलं नको ते काढा. आतल्या एनव्हीडीएला जड सिंथ नका देऊ, ई स्पीक ठेवा, हलका आहे, रेंगाळणाऱ्या मशीनवर तोच बऱ्यापैकी पळतो.

ऑर्काभक्त
लिनक्सवाले पण हे वाचतील म्हणून थोडं. उबुंटू गेस्टमध्ये ऑर्का हा लिनक्सचा स्क्रीन रीडर सुपर ऑल्ट एस ने चालू होतो. गप्प असेल तर टर्मिनलमध्ये एसपीडी डॅश से कमांडला एखादा शब्द द्या. त्यानेही आवाज नाही आणि स्पीकर डॅश टेस्ट ने खरखर येतेय, तर साऊंड ठीक आहे, बोलणं सिंथकडे पाठवणारा स्पीच डिस्पॅचर अडलाय, त्याला किलऑलने मारून ऑर्का परत चालू करा, बहुतेक वेळा सुटतं.

आवाज येतो पण खूप फाटतो, तर पाइपवायर, म्हणजे लिनक्सची आवाजाची यंत्रणा, आणि व्हीएमचं जुनं भांडण आहे. तिच्या वायरप्लंबरच्या कॉन्फिगमध्ये पीरियड साइझ १०२४ आणि हेडरूम ८१९२ असं वाढवावं लागतं. थोडा उशीर वाढतो पण फाटणं जातं. डेबियन बसवताना तर बूट मेनूवर नुसतं एस दाबून एंटर केलं की इन्स्टॉलरच बोलायला लागतो, व्हीएमला साऊंड कार्ड दिलेलं असलं म्हणजे झालं. विंडोजवाल्यांनी जळू नये.

टेस्टिंगवाली
काका, लॉगमध्ये स्नेल सापडला!! अगदी वॉर्निंग लिहून. आयटीला मेल टाकलाय, मेमरी इंटिग्रिटीला ते नाही म्हणणार हे आत्ताच सांगते. डकिंग बंद केल्यावर बारीक होणं गेलं, पहिलं अक्षर पण आता येतंय. दोन सीपीयू होते ते तीन केले, ई स्पीक आधीपासूनच होता. घरघर बरीच कमी झाली पण अजून बाण आणि बोलणं यात अंतर आहे.

आणि इन्सर्टचं काय करायचं? कधी बाहेरचा पकडतो कधी आतला, मला कळतच नाही कोण बोलतोय.

साऊंडकार्डवाला
व्हीएमच्या खिडकीवर असताना बाहेरच्या एनव्हीडीएला झोपवा. डेस्कटॉप लेआउटला एनव्हीडीए शिफ्ट एस, लॅपटॉप लेआउटला एनव्हीडीए शिफ्ट झेड. त्या प्रोग्रामपुरताच झोपतो, ऑल्ट टॅबने दुसरीकडे गेलात की जागा. फक्त व्हर्चुअलबॉक्स बंद करून उघडलं की परत करावं लागतं. आणि हे आतला बोलतोय याची खात्री झाल्यावरच करा, नाहीतर दोघेही गप्प आणि तुम्ही मध्ये अडकलेल्या. ओसीआर पाहिजे असेल तेव्हाही आधी जागं करा.

शिवाय बाहेरच्यात फक्त इन्सर्ट ही एनव्हीडीए की ठेवा आणि आतल्यात फक्त कॅप्स लॉक, म्हणजे बोटंच सांगतील कोणाशी बोलताय. आवाजही वेगळे ठेवा, बाहेर बाई आत पुरुष वगैरे.

दूरसंचारी
अंतर जातच नसेल तर आवाज व्हीएममधून आणूच नका. एनव्हीडीए २०२५.१ पासून रिमोट अ‍ॅक्सेस आतच आलंय, वेगळं अ‍ॅडऑन नको. आतला एनव्हीडीए जे बोलणार ते मजकूर म्हणून नेटवर्कवरून बाहेर पाठवतो आणि तुमच्या लॅपटॉपचा एनव्हीडीए तुमच्या नेहमीच्या आवाजात वाचतो. साऊंड कार्डाचा संबंधच संपला, कासव असो की ससा. व्हीएममध्ये साऊंड नसलेल्या सर्व्हरवर मी असंच काम करतो.

व्हीएमकाका
सूचना चांगली आहे पण ताई, एक लक्षात ठेवा, नेहमीच्या पद्धतीने जोडलंत तर तो मजकूर बाहेरच्या रिले सर्व्हरवरून जातो. ऑफिसची अजून न आलेली वेबसाइट वाचताय, ती बाहेर नको. होस्ट करा असा पर्याय आहे, म्हणजे सर्व्हर तुमच्या लॅपटॉपवरच, पोर्ट ६८३७, आणि गेस्ट तिथे जोडायचा. व्हर्चुअलबॉक्सचं नेटवर्क साध्या नॅटवर असेल तर गेस्टने होस्टसाठी, म्हणजे लॅपटॉपसाठी, १०.०.२.२ हा पत्ता द्यायचा. फायरवॉल विचारेल तेव्हा हो म्हणा.

टेस्टिंगवाली
रिमोट जोडलं, १०.०.२.२ वरच. काय सुसाट आहे! अंतर जवळपास नाहीच. वाचायला हे ठेवते, आणि साइटचे स्वतःचे आवाज, व्हिडिओ वगैरे तपासायला व्हीएमचं साऊंड आहेच.

शेवटचं एक. घरघर कमी व्हावी म्हणून काल मी आतल्या एनव्हीडीएत वनकोअरचा, म्हणजे विंडोजसोबतच येणारा, इंग्रजी आवाज लावून बघितला होता. तेव्हा क्लायंटची साइट मराठी पानावर गेली की एकदम शांत व्हायची, इंग्रजी पानं व्यवस्थित. आता रिमोटने तेच पान नीट वाचतोय. मी बग लिहायला बसले होते, लिहू का नको?

साऊंडकार्डवाला
साइटचा बग नाहीये तो, नका लिहू. वनकोअरच्या इंग्रजी आवाजांना देवनागरी कळत नाही, ते ती अक्षरं सोडून पुढे जातात, म्हणून शांतता. रिमोटने वाचतोय कारण आता तुमच्या लॅपटॉपचा सिंथ बोलतोय, त्याला मराठी येत असणार. विंडोजच्या वनकोअरमध्ये मराठीचा आवाज नाही, हिंदीचे हेमंत आणि कल्पना आहेत, तेही गेस्टमध्ये भाषा पॅक टाकल्यावर येतात. मराठी तपासायचं असेल तर एनव्हीडीए कंट्रोल एस दाबून ई स्पीक निवडा आणि आवाजात मराठी घ्या, उच्चार थोडा यंत्रासारखा आहे पण जोडाक्षरं खात नाही.

मात्र त्या पानाला लँग, म्हणजे पानाची भाषा सांगणारा कोड, म्हणून मराठीचा एमआर लावलंय का ते सोर्समध्ये नक्की बघा. ते नसेल तर आपोआप भाषा बदलणारं सेटिंग चालणार नाही, आणि तो खरा बग आहे, तो बिनधास्त लिहा.

टेस्टिंगवाली
बघितलं. लँग ईएन आहे, पूर्ण मराठी पानाला. लिहितेय बग.

व्हीएमकाका
लिहा. आणि आज मशीन बंद करून एक स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या आत्ताच्या स्थितीची नोंद, घेऊन ठेवा, नाव आवाज चालू असं काहीतरी द्या. पुढच्या अपडेटनंतर गप्प झालं तर परत इथून सुरुवात नको.

टेस्टिंगवाली
घेतला काका. नाव दिलंय बोलतंय.

पर्यायप्रेमी
हायपर व्हीबद्दल माहीत नव्हतं मला, डोळस असल्यामुळे कधी लक्षातच आलं नाही. त्या ओसीआरची आणि लॉगची पोस्ट वरती पिन करा कोणीतरी, दर महिन्याला हाच प्रश्न येतो.